मैमंद
मैमंद : इराणच्या केरमान प्रांतातील शहर-ए-बाबकजवळचे फार्सीभाषक खेडे. मध्य इराणच्या डोंगररांगांच्या दक्षिण टोकाला, निमकोरड्या दरीत सु. २,२०० मी. उंचीवर ते वसले आहे. मऊ कातळात कोरलेल्या घरांमुळे 'गुहांचे गाव' ही त्याची ख्याती झाली. पण तिने गावाचे अपुरे वर्णनच होते. येथील लोक पशुपालन आणि शेती करणारे अर्धभटके आहेत आणि कातळघरे हा त्यांचा हिवाळी मुक्काम. हिवाळा सरता सरता शेळ्यामेंढ्यांसह ते 'सर-ए-आगोल' या कुरणांवरील वस्त्यांत जातात. तेथील आसरे वाऱ्यापासून बचावासाठी अर्धे जमिनीत खोदलेले असतात. उन्हाळ्यात आणि शरदाच्या आरंभी मुक्काम हंगामी ओढ्यांकाठच्या 'सर-ए-बाग' वस्त्यांत असतो. तेथे रचीव दगडी भिंतींची, गवताने शाकारलेली हलकी घरे असतात. पाणी आणि चारा एकाच जागी वर्षभर पुरत नाही, म्हणून या सर्व वस्त्या मिळूनच एक गाव होते.

याला आक्षेप असा घेता येईल की, बाकीचे निवारे तात्पुरते आहेत, टिकाऊ आहे तो कातळच. सु. ४०० घरे ('कीचे') ओळखता आली असून त्यांतील १२३ सुस्थितीत आहेत. ती काही ठिकाणी पाच थरांपर्यंत एकावर एक चढतात. मशीद आणि हमामही खडकातच कोरलेले आहेत. हा पुरावा खरा. परंतु त्यावरून गाव एकत्र कोठे नांदत होते एवढेच कळते, ते कशावर जगत होते हे कळत नाही. धुराने काळवंडलेल्या या खोल्या थंडीपासून राखतात, मात्र कळप पोसला जातो तो कुरणांवर. गावाच्या हजारो वर्षांच्या प्राचीनतेचे दावेही जपून घ्यायला हवेत : कोरीव खोलीत बांधकामासारखे थर साचत नाहीत आणि प्रत्येक नवी कोराई आधीच्या खुणा पुसते.

युनेस्कोने २०१५ मध्ये मैमंदला जागतिक वारसा यादीत घेतले ते 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून; सु. ४,९५० हेक्टरांचे नोंदणीकृत क्षेत्र कातळघरांच्या पलीकडे कितीतरी पसरलेले आहे. आता स्थलांतरासाठी मोटारी आल्या, पूर्वीच्या चार प्रकारच्या वस्त्यांच्या जागी तीनच उरल्या. मग हे ऋतुचक्र इतिहासजमाच धरावे, असा दुसरा आक्षेप येतो. परंतु वाहन बदलल्याने स्थलांतराचे कारण बदलत नाही. उलट, चक्र क्षीण होत असेल तर केवळ गुहा राखण्याचे धोरण अधिकच अपुरे ठरते. कळप आणि कुरणे गेली, तर कातळघरे पाहण्याजोगी राहतील, पण तेथे हिवाळ्यात परतण्याचे कारण कोणालाच उरणार नाही.