हॉलिडे, बिली
(७ एप्रिल १९१५ – १७ जुलै १९५९). प्रख्यात अमेरिकन जॅझ गायिका. मूळ नाव एलिनोरा फेगन. जन्म फिलाडेल्फिया येथे. बालपण बाल्टिमोरमध्ये हलाखीत गेले. संगीताचे रीतसर शिक्षण तिला मिळाले नाही, लुई आर्मस्ट्राँग व बेसी स्मिथ यांच्या ध्वनिमुद्रिकांतून तिची गायकी घडली (पहा : जॅझ, ब्लूज). हार्लेममधील क्लबांत ती गात असताना निर्माता जॉन हॅमंड याने तिला हेरले व १९३३ मध्ये बेनी गुडमनच्या साथीने तिचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. १९३५ पासून तिने पियानोवादक टेडी विल्सनबरोबर ध्वनिमुद्रणे केली. ‘लेडी डे’ हे तिचे प्रसिद्ध टोपणनाव सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगने दिलेले.

तिच्या आवाजाचा पल्ला मोठा नव्हता. ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारा शब्दोच्चार, मूळ चालीची मोजक्या स्वरांत पुनर्रचना आणि वाद्यासारखी स्वरफेक ही तिच्या गायनाची वैशिष्ट्ये. त्यांचा आपल्यावरील प्रभाव गायक फ्रँक सिनात्रानेही मान्य केला. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरील ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे एबल मिरोपोलचे गीत ध्वनिमुद्रित करण्यास कोलंबिया कंपनीने नकार दिल्याने तिने ते १९३९ मध्ये कमोडोर या कंपनीसाठी गायिले (पहा : निग्रो चळवळ, अमेरिकेतील). पुढे तिने डेका कंपनीसाठी व नॉर्मन ग्रँझ या निर्मात्यासाठी ध्वनिमुद्रणे केली. अमली पदार्थांच्या प्रकरणी १९४७ मध्ये तिला कारावास झाला आणि न्यूयॉर्कमधील मद्यविक्री करणाऱ्या क्लबांत गाण्याचा परवाना गेला. लेडी सिंग्ज द ब्लूज (१९५६) या सहलेखकाच्या साहाय्याने लिहिलेल्या आत्मचरित्रातील अनेक तपशील विवाद्य आहेत. लेडी इन सॅटिन (१९५८) या ध्वनिमुद्रिकेत तिचा आवाज बराच खरखरीत झालेला आढळतो. न्यूयॉर्क येथे तिचे निधन झाले. तिच्या जीवनावरील चित्रपट १९७२ मध्ये प्रदर्शित झाला.