लोकमत आणि राजसत्ता : जवाहरलाल दर्डा यांच्या सार्वजनिक जीवनाचा विचार

दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातील कापूसपट्ट्यातले तालुक्याचे गाव. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मापाचा लोहमार्ग दारव्ह्यावरून जात असे. या मार्गाची मालकी इंग्रज कंपनीकडे होती. स्वातंत्र्यानंतरही ती तशीच राहिली, गाड्या मात्र सार्वजनिक रेल्वेने चालविल्या. मालकी खाजगी आणि उपयोग सर्वांचा, ही व्यवस्था येथील जनतेच्या अंगवळणी पडली होती. याच जिल्ह्यातील जवाहरलाल दर्डा यांच्या चरित्रात तिचेच निराळे रूप आढळते.

दर्डा यांचा जन्म २ जुलै १९२३ रोजी बाभूळगाव येथे झाला. १९४२ च्या आंदोलनातील सहभागामुळे त्यांना जबलपूरच्या तुरुंगात कारावास भोगावा लागला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात त्यांनी यवतमाळ येथून ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केले. लोकनायक बापूजी अणे यांच्या पूर्वीच्या साप्ताहिकामुळे हे नाव तेथे परिचित होतेच. १९६० साली हे पत्र अर्धसाप्ताहिक झाले आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपूर येथून दैनिकरूपाने निघू लागले. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. वृत्तासाठी आतुर असा वाचकवर्ग नव्या दैनिकाला आरंभीच लाभला. १९८२ साली औरंगाबाद आवृत्तीही निघाली.

१९७२ पासून दर्डा विधान परिषदेत होते. पुढे मंत्रिमंडळात उद्योग, ऊर्जा आदी खाती त्यांनी सांभाळली. म्हणजे ज्या शासनावर लोकांच्या वतीने लक्ष ठेवावयाचे, त्याच शासनात पत्राचा संस्थापक बसला होता. त्या काळी वृत्तपत्री कागदाचा कोटा केंद्र सरकार ठरवीत असे व सरकारी जाहिराती हे उत्पन्नाचे एक साधन होते. म्हणून हा प्रश्न केवळ एका व्यक्तीच्या शीलाचा नव्हे. त्या व्यवसायाच्या घडणीतच तो अंतर्भूत होता.

‘लोकमत’ हा षष्ठी तत्पुरुष समास होय. लोकांचे मत, एवढेच त्यातून कळते. ते मत कोणी गोळा केले, कोणते वगळले, हे समासात सांगितलेले नसते. तुरुंगवास भोगलेल्या पिढीला पक्ष, पत्र आणि राष्ट्रकार्य ही तीन निराळी क्षेत्रे वाटत नसत. परकीय सत्तेविरुद्ध लढताना त्यांची एकजूट हे बळ होते. स्वकीयांचे राज्य आल्यावर तीच एकजूट तपासणीस पात्र ठरली. दर्डा यांचे चरित्र या संक्रमणाचे उत्तम उदाहरण आहे.

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. दारव्ह्यासारख्या तालुक्याचा अर्वाचीन इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला या पत्राचे जुने अंक टाळता येणार नाहीत. जिल्ह्याच्या वृत्तांताचा मोठा साठा त्यांत आहे. मात्र त्या अंकांच्या तारखांशेजारी मालकाच्या पदांच्या तारखा मांडाव्यात, विधिमंडळाचे कामकाज व अन्य पत्रे ताडून पाहावीत. एखाद्या अंकात काय छापले आहे याइतकेच, त्या दिवशी काय छापले गेले नाही, हेही प्रमाण मानावे लागेल. मालकी ध्यानात ठेवली तर साधन बाद होत नाही. उलट त्याचे खरे मोल कळते.