बेळगावबद्दल बोलतो, पण अक्कलकोटचं काय?

सीमाप्रश्न म्हटलं की आपण ‘बेळगाव’ म्हणतो आणि थांबतो. गलवान आणि अरुणाचलवर आपल्याकडं चहाच्या टपरीवर रोज लढाई होते. पण सोलापुरातून बस धरली की तासाभरात येणारं अक्कलकोट एका आयोगानं कर्नाटकाला द्यायला सांगितलं होतं, हे काढलं की निम्मी मंडळी ‘काय सांगताय!’ म्हणतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आधी जतच्या गावांचं काढलं, मग सोलापूर-अक्कलकोटचं. आपल्याकडं लगेच निषेध, काळं फासणं, बस बंद. टीव्हीवर तर असं वातावरण की जणू माणसानं रात्री झोपेत हे ठरवलं. ते झोपेत ठरलेलं नव्हतं. त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मुळात सोलापूर हे सरहद्दीचंच गाव. स्वातंत्र्याच्या वेळचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. सोलापूर मुंबई प्रांतात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. अक्कलकोट म्हणजे भोसल्यांचं संस्थान. आणि तुळजापूर, नळदुर्ग ही निजामाची हद्द. तीन राज्यं एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरात! सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवर पोलीस कारवाई झाली, तेव्हा जनरल चौधरींच्या फौजेचा मुख्य रेटा इथूनच, सोलापूर-नळदुर्ग रस्त्यानं गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये अक्कलकोट संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं. म्हणजे अक्कलकोट आपल्या जिल्ह्यात आलं ते राजाच्या हद्दीनं आलं. लोक घरात कुठली भाषा बोलतात, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

ते विचारणं सुरू झालं भाषावार राज्यांच्या चळवळीत. १९४६ ला बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण १९५० ला कन्नड साहित्य संमेलन कुठं भरलं होतं? आपल्या सोलापुरात! नऊ वर्षं आधी, १९४१ ला, याच गावात वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं होतं. दोन्ही भाषांना हे गाव आपलं वाटत होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नड. मंगळवेढ्याला बसवेश्वरांचं वास्तव्य आणि तिथंच चोखोबांचंही. १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले आपले चार हुतात्मे बघा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नावं वाचली तरी गाव कळतं.

इथं एक नाव आवर्जून घेतो, कारण मराठी सोलापूर ते विसरून बसलंय. जयदेवीताई लिगाडे. जन्म सोलापूरचा, १९१२. शिक्षण मराठीत, लेखन मात्र कन्नडमध्ये, सिद्धरामांवर मोठं पुराणकाव्य लिहिलं. सोलापूरचा कन्नड भाग कर्नाटकात जावा म्हणून त्या चळवळीत होत्या. १९७४ ला मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, हा मान मिळालेल्या पहिल्या महिला. बेळगावात मराठीसाठी लढणाऱ्यांना आपण सत्याग्रही म्हणतो. मग ताईंना काय म्हणायचं, हा प्रश्न मला छळतो.

असो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव (चंदगड सोडून), विजापूर, धारवाड, कारवार म्हैसूर राज्यात गेले. सोलापूर जिल्हा मुंबई राज्यात राहिला आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. रेषा शक्यतो जिल्ह्याच्या हिशोबानं ओढली, म्हणून दोन्हीकडं माणसं ‘चुकीच्या’ बाजूला राहिली.

महाराष्ट्राची मागणी तेव्हापासून एकच: पाटसकर सूत्र लावा. म्हणजे गाव हा घटक धरा, भाषिक बहुमत बघा, भूभाग सलग आहे का बघा, लोकांची इच्छा बघा. सूत्र चांगलंच आहे. पण ते लावलं की सुरी दोन्हीकडून कापते. हे तेव्हाच्या नेत्यांना पक्कं ठाऊक होतं. महाराष्ट्रानं ८१४ गावं आणि बेळगाव, कारवार, निपाणी मागितली, तेव्हाच आपल्याकडची कन्नड बहुभाषिक अशी २६० गावं द्यायची तयारीही दाखवली होती. कानडी मुलूख आपल्याकडं आहे हे महाराष्ट्रानं स्वतः मान्य केलेलं होतं. आज हा आकडा कुठल्या भाषणात ऐकलात? मी तरी नाही ऐकला.

१९६० च्या चार जणांच्या समितीतून काही निघालं नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्रानं एकसदस्य आयोग नेमला: न्या. मेहरचंद महाजन. हा माणूसही विलक्षण. १९४७ ला पंजाबची फाळणी करणाऱ्या रॅडक्लिफ आयोगावर सदस्य. काश्मीर भारतात आलं तेव्हा तिथले पंतप्रधान. पुढं देशाचे सरन्यायाधीश. आणि उतारवयात समोर काय, तर निपाणी आणि अक्कलकोट!

१९६७ ला अहवाल आला. बेळगाव कर्नाटकातच. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला. आणि महाराष्ट्राकडून २४७ गावं कर्नाटकाला, त्यात अक्कलकोट तालुका, दक्षिण सोलापूरची गावं, जत आणि गडहिंग्लजकडची काही. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. तक्रार अशी की एका ठिकाणी एक माप आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं. त्यात तथ्य आहे, बेळगावला लावलेला न्याय पटण्यासारखा नाही. पण कर्नाटकची गंमत बघा. ‘महाजन अहवाल अंतिम’ म्हणायचं आणि निपाणी-खानापूर सोडायची तयारी कधी दाखवायची नाही. अहवालातलं आपल्या सोयीचं पान दोघांनीही फाडून घेतलंय.

आता त्या २४७ मधल्या माणसाकडं या. दुधनी, मैंदर्गी, नागणसूर, तोळणूर. घरात कन्नड, सातबारा मराठीत. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, बालभारती कन्नड पुस्तकं छापते. महाराष्ट्राची ही बाजू मान्य केलीच पाहिजे, बेळगावच्या मराठी माणसाला कानडी सरकारकडून मराठी कागद मिळवायला किती झगडावं लागतं ते बघता तर नक्कीच. पण दहावी-बारावीनंतर ते पोरगं नोकरीच्या रांगेत मराठी पोरांशी कसं भिडणार? मग ते कलबुर्गी नाहीतर विजापूरकडं बघतं. तिथले लोक विचारतात, ‘तू तर महाराष्ट्राचा!’

जतच्या गावांनी २०१२ ला ठराव केला तो पाण्यासाठी. डिसेंबर २०२२ ला अक्कलकोटमधल्या काही ग्रामपंचायतींनी ‘आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या’ असे ठराव केले, तेही रस्ता, पाणी, वीज याच्यासाठी. शिवेपलीकडचा रस्ता गुळगुळीत आणि अलीकडं खड्डे, हे त्यांना रोज दिसतं. प्रशासनानं नोटिसा काढल्या, बहुतेकांनी ठराव मागं घेतले. नोटीस निघायला लागला तेवढाच वेळ रस्ता व्हायला लागला असता तर काय पाहिजे होतं! त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी ठराव केले. कर्नाटकचा: एक इंचही देणार नाही. आपला, २७ डिसेंबरचा: ८६५ गावांची इंच न् इंच घेणार. या ठरावांत आपल्या शिवेवरच्या गावांना काय पाहिजे, याला जागा नव्हती.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल अजून नाही. उद्या न्यायालयानं गाव हाच घटक धरला, तर बेळगावच्या याद्यांबरोबर आपल्या याद्याही टेबलावर येणार. त्या दिवशी अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या माणसाला आपल्यात का राहावंसं वाटावं, याचं उत्तर आपल्या आमदार-खासदारांकडं आहे का? निवडणुकीत तर सगळे कन्नडमधून भाषण ठोकतात.

अक्कलकोट, दुधनी, मंद्रूपकडच्या मंडळींनो, तुमच्या घरातल्या थोरामोठ्यांना १९५६ चं किंवा महाजन आयोगाच्या वेळचं काही आठवत असेल तर खाली लिहा. कन्नडमध्ये लिहिलंत तरी चालेल, वाचून घेतो.