गिटार, पोकळ अंगाची विजेवरची : जोडणी व पॉलिश यांचे नूतनीकरण

पोकळ अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारीतील पिकअप, पॉट (आवाज व टोन कमीजास्त करणारा फिरता रोधक), स्विच, जॅक व तारा बदलणे आणि लाकडावरचा जुना थर दुरुस्त करून किंवा काढून नवे पॉलिश चढवणे. वादक या दोन्ही कामांना सरसकट ‘अपग्रेड’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यांचे कारागीर वेगळे, धोके वेगळे आणि आवाजावरचा परिणाम तर फारच वेगळा. येथील विवरण मुख्यतः बंगळूर शहरातील बाजार, वीज व हवामान धरून केले आहे.

घडण : या गिटारीची तबली सतारीसारखी पोकळीवर बसवलेली असते आणि तिच्यावर इंग्रजी ‘एफ’च्या आकाराची दोन भोके (एफ-होल) असतात. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ईएस-१५० हे मॉडेल विजेवर वाजणारी गिटार म्हणून बाजारात आणले. चार्ली ख्रिश्चन या जॅझवादकामुळे ते गाजले. १९४९ मध्ये ईएस-१७५ आले. १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये अंगाच्या मध्यातून लाकडाचा भरीव ठोकळा घातला गेला. या जातीला ‘सेमी-हॉलो’ म्हणतात. पूर्ण पोकळ गिटारीची घोडी अनेकदा चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने उभी राहते. म्हणून तारा सोडण्यापूर्वी तिच्या चारही बाजूंना मास्किंग टेपने खुणा करून ठेवतात. ती दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी वरच्या पडद्यांवरचे स्वर बेसूर होतात.

बंगळूरचा संदर्भ : इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (१९४८) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) यांच्यामुळे या शहरात सोल्डरिंगचा हात बसलेली माणसे फार पूर्वीपासून आहेत. सुट्या भागांसाठी सगळे जातात ते एस. पी. रोडला, म्हणजे सादर पत्रप्पा रस्त्याला. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्याने पाहिला आहे त्याला हा बाजार ओळखीचा वाटेल. पॉट, कपॅसिटर, शील्डेड वायर, सोल्डर हे सर्व तेथे मिळते. मात्र तो माल रेडिओ आणि ॲम्प्लिफायर डोळ्यांसमोर ठेवून आणलेला असतो. गिटारीसाठी त्यातून निवड करावी लागते.

जोडणी : भरीव गिटारीला मागे झाकण असते, ते उघडले की सगळी जोडणी समोर. पोकळ गिटारीला असे झाकण बहुधा नसतेच. प्रत्येक भाग एफ-होलमधून किंवा पिकअपच्या खिडकीतून बाहेर काढायचा आणि त्याच वाटेने परत घालायचा. आत हात जात नाही, दिसत तर काहीच नाही. या कामाची खरी मजुरी येथेच जाते.

रीत अशी. नट सैल करण्यापूर्वी प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधतात आणि मग पॉट आत सोडतात. दोऱ्याचे टोक तबलीवरच्या भोकातून बाहेर राहते. तबलीवरच्या भोकांचे अंतर पुठ्ठ्यावर उतरवून त्यात नवे पॉट बसवतात आणि सगळी जोडणी बाहेरच पूर्ण करतात. जोडणीच्या तारांची लांबी नेमकी हवी. आखूड झाली तर पॉट जागेवर पोचत नाही. फार लांब ठेवली तर ती तबलीला टेकून वाजताना खडखडते. आत घालण्यापूर्वी जोडणी ॲम्प्लिफायरला लावून पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हरने हलके टिचकी मारून पाहावी. ही तपासणी टाळणाऱ्याला सगळे परत बाहेर काढावे लागते. शेवटी दोऱ्याने, किंवा फिशटँकची हवेची नळी दांड्यावर खोचून, एकेक भाग जागेवर ओढून घेतात. जॅक सर्वांत हट्टी; तो शेवटी ठेवावा.

हंबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीच्या, पिकअपला साधारणपणे ५०० किलोओहमचे, एकेरी गुंडाळीच्या पिकअपला २५० किलोओहमचे पॉट लावतात. छापील किमतीत वीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे ५०० चा पॉट ४०० भरेल किंवा ६००. दुकानातच मल्टिमीटर लावून जास्त भरणारे वेचून घेतले तर आवाजाला थोडी धार येते. व्हॉल्यूमसाठी लॉग जातीचा पॉट मागावा. त्यावर बहुधा ‘ए’ अक्षर असते. दुसरी अडचण मापाची. आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींची भोके लहान, मेट्रिक पॉटसाठी पाडलेली असतात. अमेरिकी मापाच्या पॉटला सुमारे साडेनऊ मिलिमीटरचे भोक लागते. ते ड्रिलने वाढवताना तबलीचा प्लाय चिरतो. हाताने फिरवायचा रीमर वापरावा.

टोन कपॅसिटरवर वादकांत जेवढी चर्चा होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिएस्टर कपॅसिटर, ज्यावर ‘२२३’ छापलेले असते, हंबकरला पुरतो. तेलात भिजवलेल्या कागदाचे महागडे जुने कपॅसिटर वेगळे ऐकू आले, तर बहुधा त्यांची प्रत्यक्ष किंमत वेगळी भरते म्हणून. पैसे खर्चायचेच असतील तर ते जॅक आणि स्विच यांवर खर्चावेत, कारण बिघाड तेथून सुरू होतो.

गुणगुण : भरीव गिटारीच्या खोबणीत तांब्याची पट्टी चिकटवून बाहेरचा विद्युत्-गोंगाट अडवता येतो. पोकळ अंगात ते शक्य नाही. म्हणून बाहेरून धातूची जाळी विणलेली तार वापरतात आणि टेलपीसला अर्थची तार नेऊन जोडतात. घोडी लाकडी असेल तर वाजवायच्या तारांना अर्थ मिळण्याचा दुसरा मार्ग नसतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने गुणगुण ५० आणि १०० हर्ट्‌झवर ऐकू येते. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ‘जी’ ९८ हर्ट्‌झचा, म्हणजे ही गुणगुण त्याला किंचित चढी लागते आणि त्या स्वरावर थांबले की विशेष खुपते. घराच्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थ आहे का, हे आधी पाहावे. अनेकदा गिटारीचा दोष समजून उघडलेले काम भिंतीत निघते.

हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलट दिशेने जोडून ही गुणगुण कापली जाते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९५९ मध्ये मिळाले. पोकळ गिटारीचा दुसरा रोग म्हणजे फीडबॅक : ॲम्प्लिफायरच्या आवाजाने तबलीच थरथरते आणि शिटी सुरू होते. नवा पिकअप मेणात बुडवलेला असेल तर त्याच्या आतल्या तारा हलत नाहीत व चिरकी शिटी कमी होते. तबलीची घुमणारी शिटी मात्र मेणाने जात नाही. त्यासाठी एफ-होलमध्ये फोम बसवतात.

पॉलिश : आधी जुना थर कशाचा आहे ते पिकगार्डखाली, न दिसणाऱ्या जागी तपासतात. स्पिरिटने विरघळला तर चपडा लाख, थिनरने मऊ पडला तर नायट्रोसेल्युलोज, कशालाच दाद दिली नाही तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. जुन्या गिब्सनवर नायट्रो असते. ते पातळ असते, कालांतराने पिवळे पडते, थंडी-उष्णतेने त्यावर बारीक तडे जातात. अशा जुन्या वाद्याचे पॉलिश काढू नये. बाजारातील किंमत तेथेच मोठ्या प्रमाणात उतरते.

थर काढल्याने गिटार ‘मोकळी होते’ या समजुतीला बीटल्सचे मोठे पाठबळ आहे. जॉन लेनन यांनी १९६८ मध्ये आपल्या एपिफोन कसिनोचे पॉलिश काढून टाकले आणि ३० जानेवारी १९६९ च्या गच्चीवरील मैफलीत तीच वाजवली. ही कल्पना ऋषिकेशच्या मुक्कामात गायक डोनोव्हन यांच्याकडून मिळाली, असे सांगितले जाते. जाड पॉलिएस्टर निघाले तर पातळ तबलीला थोडा फरक पडेलही. पण पिकअप बदलल्याचा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. शिवाय प्लायच्या तबलीचे वरचे व्हिनियर एक मिलिमीटरहूनही पातळ असते. पॉलिश पेपरचे चार हात जास्त झाले की खालचा आडव्या रेषांचा थर दिसू लागतो, आणि त्यावर उपाय नाही. रिमूव्हर वापरला तर कडेची प्लॅस्टिकची पट्टी विरघळते.

बंगळुरात फर्निचरचे पॉलिशवाले ‘एनसी’, मेलामाइन व ‘पीयू’ ही तीन कामे करतात. गिटारीला यांपैकी एनसी, म्हणजे नायट्रो, योग्य. मात्र कपाटाला देतात तसा जाड थर देऊ नये, असे कारागिराला आधीच बजावावे लागते. मिरजेच्या सतारींना देतात तसे चपडा लाखेचे पॉलिश हा घरी करण्याजोगा मार्ग आहे : स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने, अनेक पातळ हातांनी चढवायची. जून ते ऑक्टोबरच्या पावसाळी हवेत लाख आणि नायट्रो दोन्ही दुधाळ पडतात. जानेवारी ते मार्चमधील कोरडे दिवस बरे. लाखेला घाम आणि दारू सोसत नाही, त्यामुळे रात्री पबमध्ये वाजवणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

बंगळूरहून म्हैसूर रस्त्यावर साधारण ६० किलोमीटरवर असलेल्या चन्नपट्टणची लाखकाम केलेली खेळणी प्रसिद्ध आहेत. तेथे काळ्या कुड्याचे लाकूड कातारीवर फिरवतात आणि घर्षणाच्या उष्णतेने रंगीत लाखेची कांडी त्यावर वितळवतात. शेवटची चकाकी केवड्याच्या जातीच्या पानाने आणतात. गिटारीचे अंग कातारीवर फिरवता येत नाही, म्हणून हे तंत्र अंगाला लागू नाही. व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांना मात्र ते नेमके जमते, फक्त आतले भोक पॉटच्या दांड्याच्या मापाचे हवे.