सुटलेल्या नावांचा बाजार

इंटरनेटवरचे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही, ते मुदतीवर नोंदवले जाते. मुदतीनंतर पैसे भरले नाहीत तर ते सुटते आणि ज्याची मागणी आधी पोचेल त्याच्या नावावर चढते. मौल्यवान नावे हेरून पटकावण्याचा धंदा या एका नियमावर उभा आहे.

‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले, तेव्हा नोंदणी फुकट होती. सप्टेंबर १९९५ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीने दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारायला सुरुवात केली आणि पैसे भरायचे विसरणारे लोक या जगात प्रथमच निर्माण झाले. त्यात बडी मंडळीही होती. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे शुल्क राहून गेले आणि हॉटमेलचा प्रवेश याच नावावरून होत असल्याने अनेक खातेदारांना पत्रे उघडता येईनात. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने ३५ डॉलर भरून काम भागवले.

त्याच वर्षी नोंदणीची मक्तेदारी मोडली आणि नावे नोंदवून देणाऱ्या अनेक कंपन्या, म्हणजे रजिस्ट्रार, आल्या. सुटलेले नाव कोण आधी उचलतो, याची शर्यत लागली. २००० मध्ये स्थापन झालेल्या स्नॅपनेम्ससारख्या कंपन्या ग्राहकासाठी हे काम करू लागल्या. पुढे विसराळू मालकाला ३० दिवसांची वाढीव संधी देण्यात आली. साध्या सवलतीचे जास्तीत जास्त ४५ दिवस, मग जादा शुल्काचे हे ३० आणि शेवटचे ५, असे वेळापत्रक बसले. मालकाच्या सोयीसाठी आखलेल्या या व्यवस्थेने शिकाऱ्यालाही तारीख आयती मिळाली.

नाव सुटल्यावर निकाल क्षणार्धात लागतो. मुख्य नोंदवहीशी प्रत्येक रजिस्ट्रारला ठरावीक जोडण्याच मिळतात. यावर तोडगा म्हणून काही व्यावसायिकांनी शेकडो रजिस्ट्रार कंपन्या काढल्या, त्यांतल्या बहुतेक नावापुरत्या. उत्तम नावे आता सुटण्यापर्यंत पोचतही नाहीत. रजिस्ट्रार स्वतःच आधी त्यांचा लिलाव मांडतात.

नाव चाखून पाहण्याचाही एक काळ होता. पाच दिवसांत परत केल्यास पैसे मिळत, म्हणून लाखो नावे घेऊन, जाहिराती लावून, गिऱ्हाईक न आलेली परत केली जात. परतीवर शुल्क लागताच २००८-०९ मध्ये हा प्रकार ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

पारख मात्र हातघाईने होत नाही. छोटा, रुळलेला शब्द कुणालाही ओळखता येतो. खरी किंमत बहुधा जुन्या मालकाच्या पुण्याईत असते, म्हणजे इतर साइट्सवरून त्या नावाकडे येणाऱ्या दुव्यांत. गूगलने १९९८ पासून अशा दुव्यांना साक्षीदार मानले आणि मेलेल्या साइटची पत विकाऊ झाली. पण पुण्याईबरोबर पापही वारशात येते. जुगार किंवा बनावट औषधांसाठी वापरलेले नाव शोधयंत्रांच्या काळ्या यादीत असू शकते. म्हणून २००१ मध्ये खुल्या झालेल्या ‘वेबॅक मशीन’वर जुनी पाने चाळणे हा जाणकारांचा पहिला रिवाज.

दुसरा धोका व्यापारचिन्हाचा. १९९९ पासूनच्या आंतरराष्ट्रीय तंटा-नियमांनुसार दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचे नाव वाईट हेतूने घेतल्यास ते काढून घेता येते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. भारताच्या स्वतःच्या ‘डॉट इन’ नावांची नोंदणी आधी मुंबईच्या एनसीएसटी संस्थेकडे होती, नियम कडक होते आणि नावे मोजकी. जानेवारी २००५ मध्ये दार सताड उघडले, तेव्हाच इथे शिकारीजोगे काही साठू लागले.

मार्च २०२४ मध्ये गूगलने जुन्या प्रतिष्ठेच्या जोरावर निकृष्ट मजकूर वर चढवण्यासाठी मुदत संपलेली नावे घेणे हा स्पॅमचा प्रकार ठरवला. नव्या, खऱ्या कामासाठी जुने नाव घेण्यास मात्र हरकत नाही.