दोन स्पार्क प्लग, बारा वर्षांचा वाद

पुण्याची बजाज ऑटो आणि तामिळनाडूतील टीव्हीएस मोटर या दुचाकी उत्पादकांमधील पेटंटचा वाद २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये परस्पर समझोत्याने मिटला. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकांनाही त्यातून बरेच घेण्यासारखे आहे.

तंत्र काय होते?
सामान्य मोटारसायकलच्या सिलिंडरमध्ये एकच स्पार्क प्लग असतो. बजाजच्या डीटीएस-आय इंजिनात तो दोन बाजूंना बसविण्यात आला. त्यामुळे इंधन व हवेचे मिश्रण दोन्हीकडून पेटते, ज्वलन वेगाने होते आणि इंधनाची बचत होते. यासाठी बजाजने जुलै २००२ मध्ये अर्ज केला. २००५ मध्ये पेटंट क्र. १९५९०४ मिळाले.

न्यायालयीन लढाई
२००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सीसीची 'फ्लेम' जाहीर करताच बजाजने पेटंटभंगाचा आरोप केला. आपले इंजिन तीन व्हॉल्व्हचे असल्याने वेगळे आहे, तसेच दोन प्लगची कल्पना होंडाच्या अमेरिकन पेटंटमध्ये आधीच आहे, असा टीव्हीएसचा दावा होता. १६ फेब्रुवारी २००८ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने टीव्हीएसला मनाई केली. त्यानंतर 'फ्लेम' एकाच प्लगसह बाजारात आली. १८ मे २००९ रोजी खंडपीठाने मनाई उठविली. सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००९ रोजी विक्रीला मुभा दिली; मात्र विक्रीचा हिशेब ठेवण्याचे बंधन घातले. अशा खटल्यांची सुनावणी दररोज घेऊन निकाल साधारणतः चार महिन्यांत द्यावा, असेही बजावले. प्रत्यक्षात तडजोडीला आणखी दहा वर्षे लागली.

उद्योजकांसाठी
पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. म्हणजे बजाजच्या पेटंटची मुदत संपायला समझोत्यानंतर जेमतेम तीन वर्षे उरली होती. पालघर जिल्ह्यातील अर्जदारांसाठी मुंबईचे पेटंट कार्यालय आहे. शोध जाहीर करण्यापूर्वीच अर्ज करणे हिताचे; अन्यथा नावीन्याचा दावा धोक्यात येतो. पेटंटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयाखालील न्यायालयात दाखल करता येत नाही. प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केल्यास संपूर्ण प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते. त्यामुळे खर्च व कालावधी वाढतो, याचा विचार लहान कारखानदाराने आधीच करणे आवश्यक ठरते.