व्यायामानंतर लघवी कोलासारखी काळपट का होते?

बऱ्याच दिवसांनी जिमला जाऊन दोनशे उठाबशा काढल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. हे दुखणं सहसा चार-पाच दिवसांत जातं. पण मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी होऊ लागली, तर प्रकरण वेगळं आहे. याला ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं सगळं रक्तात उतरतं. त्यातलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं, तर मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिका तुंबवतं. लघवीचा रंग बदलतो तोही त्यामुळेच.

१९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतल्या जखमींबद्दल लिहिलं. ढिगाऱ्याखाली तासन् तास अडकलेली माणसं बाहेर काढल्यावर ठीक दिसायची, मग काही दिवसांत त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. दाबलेला पाय मोकळा झाला की साचलेले घटक एकदम रक्तात येतात. म्हणूनच भूकंपानंतर शक्य असेल तिथे दगड हलवण्याआधीच सलाईन सुरू करतात.

कारणं आणखीही आहेत: उष्माघात, विजेचा धक्का, लांबलेली फिट, दारूच्या नशेत एकाच कुशीवर रात्रभर पडून राहणं. कोकणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे समुद्री सापही त्यातलेच. दंश फारसा दुखत नाही, सूजही जेमतेम, आणि काही तासांत सगळं अंग ठणकू लागतं! कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी हे क्वचित होतं. सोबत क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक असेल तर धोका वाढतो. (म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) थोड्याशा श्रमानेही पुन्हा पुन्हा असं होत असेल, तर मॅकआर्डलसारखा आनुवंशिक दोष तपासावा लागतो.

निदानाची एक खूण मजेशीर आहे. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी जवळपास नसतातच. खात्री करायला रक्तातलं सीके हे एन्झाइम मोजतात. ते साधारण दोनशेच्या आत असतं. हजाराच्या वर गेलं की संशय घेतात, आणि गंभीर रुग्णात ते लाखावरही जातं.

उपचार मुख्यतः भरपूर सलाईन, वेळ पडल्यास डायलिसिस. घरी पाणी पीत वाट पाहणं पुरेसं नाही. आणि अंगदुखीवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक तर घेऊच नका, कारण या गोळ्यांचा भार आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडांवरच पडतो.